चौघींसाठी हवेशीर घर

२ फेब्रुवारी, रविवार

पलीकडच्या आजी आज मुलाकडे गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन आहे. परत येईपर्यंत त्यांच्या चार कोंबड्या माझ्याकडे: काळी, तुरेवाली, ठिपकी आणि लंगडी. जुनं खुराडं कुंपणावरून देताघेताना मोडलं. आजी म्हणाल्या, मोडू दे, तू नवं करशील, तुझ्यासारखी काळजी घेणारी पोर या गल्लीत नाही. हे खरं आहे. लंगडीची तंगडी मोडली तेव्हा आइस्क्रीमच्या काड्या लावून मीच बांधली होती. हाड जुळलं. मध्ये वाटाण्याएवढी गाठ आली आणि पाय जरा बाहेरच्या अंगाला गेला, एवढंच. तेव्हापासून मी कुठेही बसले की ती माझ्या पावलावर येऊन बसते.

सध्या चौघी जिन्याखाली. तिथली कांद्याची टोपली शेगडीशेजारी गेली. आई म्हणाली, कांद्यांना मोड येतील, या बायांचं घर रविवारपर्यंत झालं नाही तर पातेलं घासून ठेवलंय. काका (बाबांचे धाकटे भाऊ, दर रविवारी जेवायला) पोट धरून हसले. म्हणाले, बिनघराची कोंबडी म्हणजे चालती भाजी. आमच्या घरात विनोदबुद्धी पहिल्यापासून आहे. मग काकांनी चौघींना एकेक करून उचलून हातावर तोललं. त्यांना प्राण्यांचा इतका लळा असेल असं वाटलं नव्हतं.

संकल्प: रविवारपर्यंत घर. सहज होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयातून पुस्तक आणलं. लोक कोंबड्यांना भिंती देतात, हवा देत नाहीत, असं पहिल्याच पानावर आहे. लोकांची कीव आली. खिडकी कुठे, दांडी किती उंच, प्रत्येकीला किती जागा, सगळं दिलंय. कोंबडी एवढी गुंतागुंतीची असते हे आजींना माहीत नसावं, नाहीतर त्या इतक्या निश्चिंत झोपल्या नसत्या.

तोवर राहायला कारखान्यातून खोकं आणलं. (मी पुठ्ठ्याची खोकी तपासते.) हे खोकं मीच नापास केलेलं, एक कोपरा काटकोनात नव्हता. तरी साहेबांना विचारून घेतलं. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही नापास केलेली सगळीच घेऊन जा, गोडाऊनमध्ये पाय ठेवायला तरी जागा होईल. असं मोकळेपणाने कौतुक करणारे साहेब कमी.

चौघींना वाकड्या कोपऱ्यात झोपवताना मन खात होतं. त्या झोपल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नकाशा काढला. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. पाटी नाही, कागद आणि शाई. अक्षर चुकलं की खाडाखोड करायची नाही, अख्खं पान पुन्हा लिहायचं. आज त्याचा उपयोग झाला. दांडीची रेघ केसभर खाली गेली. कागद फाडला, पुन्हा काढला. मग खिडकी हलली. पुन्हा.

सुतार समोर बसून होता. दोन चहा झाले. म्हणाला, ताई, यांना रात्रीचं झोपायचंय की बाळंतपणाला माहेरी आणताय? एक दुपार द्या, ठोकून देतो. मी म्हटलं, ठोकूनच द्यायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? त्याने तिसरा चहा मागितला. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार

घर झालं नाही. पण नकाशा पूर्ण, आणि शाईचा एक डाग नाही.

काळी दिसत नाही. आई म्हणाली, गेली असेल भिंतीवरून. काळीला उडता येत नाही अशी माझी समजूत होती. जवळच्यांना आपण किती कमी ओळखतो.

जेवण जाणार नाही असं वाटत होतं. पण आईने रस्सा इतका मन लावून केला होता की तिला वाईट वाटू नये म्हणून दोनदा घेतला. पानात काही टाकायचं नाही, ही तिची शिकवण. अक्षर बाबांचं, पान आईचं. काका बोटं चाटत म्हणाले, गावठी ती गावठीच. आईने डोळे वटारले. काकांना जेवताना बोललेलं तिला आवडत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

नकाशा चौघींचा होता. आता तिघी. म्हणजे पान पुन्हा. घर गरजेपेक्षा मोठं झालं तर ऊब टिकत नाही, असं पुस्तकात स्पष्ट आहे. बाबा म्हणाले, अगं, एक कमी झाली तर तिघी ऐसपैस राहतील, बिघडलं कुठे? ज्यांनी मला पान फाडायला शिकवलं त्यांनी असं बोलावं? वय झालं त्यांचं.

संकल्प: रविवारपर्यंत. या वेळी नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुतार फळ्या कापून घेऊन आला. एक फळी जराशी तिरकी. मी काटकोन्या लावून दाखवला. तो म्हणाला, रंधा मारला की बसेल. मी म्हटलं, आपण बसेल म्हणून सोडून देतो, त्यात राहायचं कोंबड्यांना असतं. तो फळ्या खांद्यावर टाकून चालता झाला. फाटकाशी आईला म्हणाला, वहिनी, पोरीचं लग्न ठरवताना नवऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवा.

नव्या फळ्या पुढच्या आठवड्यात. दर्जा टिकवायचा तर थोडं थांबावं लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

तुरेवालीही भिंतीवरून. कचऱ्याच्या डब्यात पिसं दिसली. पिसं झडण्याचा हंगाम असतो, पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. एका सकाळीत सगळी झडतात असं मात्र लिहिलेलं नाही. प्रकाशकांना कळवायला हवं.

जेवण उत्तम. मीठ किंचित जास्त, पण बोलले नाही.

दुपारी नकाशा दोघींचा केला. प्रत्येकीच्या वाट्याला येणारी जागा बघता बघता पुस्तकातल्या आकड्याच्या पुढे गेली. एवढ्या कमी वेळात इतकी सुधारणा कुणी केली नसेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजींचा फोन. एक डोळा झाला. म्हणाल्या, पट्टी सुटल्यावर सूनबाईचं तोंड दिसलं, त्यापेक्षा माझी लंगडी दिसली असती तर बरं झालं असतं. मग विचारलं, सगळ्या मजेत ना? मी म्हटलं, लंगडी आत्ता माझ्या पावलावरच आहे. ती होतीच. खोटं बोलणं मला जमत नाही. बाकीच्यांचं त्यांनी वेगळं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आजी म्हणाल्या, तू आहेस म्हणून मी डोळे मिटून पडलेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकाची मुदत संपली असेल, जाऊन वाढवून आण, असं म्हणून आईने सकाळीच वाचनालयात पिटाळलं. रविवारी वाचनालय बंद असतं. आईच्या लक्षात नसेल. बंद दारासमोर पायरीवर बसून हवेचं प्रकरण पुन्हा वाचलं. घरी आले तेव्हा ठिपकी नव्हती आणि मसाल्याचा घमघमाट सुटला होता.

काकांनी विचारलं, आता किती राहिल्या गं? मी म्हटलं, एक. म्हणाले, अरेरे. खरोखर हळहळले.

जेवताना बाबा माझ्याकडे बघत नव्हते. डोकं दुखत असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नवी अडचण. कोंबडी एकटी ठेवू नये, ती झुरते, असं पुस्तकात आहे. आधी का नाही वाचलं? दोन रात्री झोप नाही. आज तोडगा सापडला: घरात आरसा. सोबत वाटेल. कारखान्यातल्या हात धुण्याच्या जागेचा जुना आरसा साहेबांनी दिला. म्हणाले, कोंबडीला भांग पाडायचाय का? हसून सोडून दिलं.

लंगडीला आरसा दाखवला. तिने स्वतःला एक चोच मारली आणि माझ्या पावलावर येऊन बसली. तिचं पोट फार गरम असतं. बराच वेळ उठले नाही. मुंग्या आल्या.

१ मार्च, शनिवार

झालं! सुताराने तोंड शिवल्यासारखं काम केलं, पण चारही कोपरे काटकोनात. तिन्ही बाजूंना जाळी, वरती झरोका, दांडी, आरसा. हातात धरलेला कागद आत फडफडतो इतकी हवा. संध्याकाळी दोन हात हिरवा रंग दिला.

दिवेलागणीला बाबा परसात आले. हळूच म्हणाले, अगं, आज तिला आत ठेव आणि कुलूप घाल. किल्ली तुझ्याजवळ राहू दे. मी म्हटलं, बाबा, रंग ओला आहे. ओल्या रंगाचा वास कोंबडीच्या छातीला बाधतो, पुस्तकात आहे. बाबा म्हणाले, बाधू दे. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना, काम अर्धवट सोडायचं नाही? बाबा लंगडीच्या डोक्यावरून एक बोट फिरवून आत गेले.

एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोमवारी गृहप्रवेश.

२ मार्च, रविवार

रंग सुंदर वाळतोय.

आईने आज आग्रह करून मला तंगडी वाढली. म्हणाली, दमलीस, खा. काकांनी दुसरी घेतली. बाबा पोट ठीक नाही म्हणून उठले.

खाता खाता दाताला काहीतरी टणक लागलं. हाडाच्या मध्ये गाठ होती. वाटाण्याएवढी. आणि गाठीच्या पुढे हाड जरा बाहेरच्या अंगाला गेलेलं.

मी ते धरून बघत बसले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

बाजारातल्या कोंबड्यांचीही हाडं मोडत असतीलच. कुणीतरी बांधलं असेल, माझ्यासारखंच मनापासून. चांगलं जुळलं होतं.

पानात काही टाकलं नाही.

६ मार्च, गुरुवार

रंग पूर्ण वाळला. वास अजिबात नाही. खोकं कारखान्यात परत केलं, आतली पिसं झाडून.

आजींचा फोन. दुसराही डोळा झाला, रविवारी येताहेत. मी म्हटलं, आजी, घर फार छान झालंय, चारही कोपरे, झरोका. आजी म्हणाल्या, घराचं राहू दे बाई, माझी लंगडी काय करतेय ते सांग. मी म्हटलं, हॅलो. मग म्हटलं, आवाज येत नाहीये. आवाज येत होता. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, असं त्या बराच वेळ म्हणत होत्या.

संध्याकाळी आई परसात आली. पदर खोचून सगळीकडून वाकून पाहिलं, जाळीला हात लावला, झरोक्याखाली तळहात धरला. म्हणाली, हवा मात्र छान खेळते हो. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाचं नीट कौतुक केलं. मग आत जाऊन कांद्यांची टोपली घेऊन आली.

कांदे दांडीखाली पसरले. आरशामुळे दुप्पट दिसतात. आईला ते फार आवडलं.

मी थोडा वेळ दाराशी बसले. पावलं गार पडली. कांद्यांना मोड येत नाहीत आता.