सतरा नंबरची पेटी

८ जुलै
सारंगखेड्यात रुजू झाले. काठावरची खोली, खिडकीतून थेट तापी! काम सोपं आहे. पुराचा इशारा मी एकदाच पाठवायचा. तो बेचाळीस वस्त्यांतल्या भोंग्याच्या पेट्यांत एकदम जातो. जिला मिळाला ती पेटी गप्प राहते, जिचा हुकला ती परत मागते. इथले जुने कर्मचारी अनीसभाई म्हणाले, गप्प म्हणजे मिळालं, निवांत चहा प्या.

१९ जुलै
सतरा नंबरची पेटी सारखी मागते, आणि तिला देईपर्यंत बाकीच्या खोळंबतात. अनीसभाई तिला रडकं पोर म्हणतात. घाई असली की यादीतून काढतात, नंतर परत घालतात. आज मुद्दाम बघायला गेले. ती रुखमाबाईंच्या ओट्यावर आहे. त्या तिला रोज पदराने पुसतात. गरम भाकरी वाढून हसत म्हणाल्या, ‘ताई, हाई बोलनी का मी नातले लिसनी पयसू.’ धावून दाखवलंसुद्धा, नात कडेवर घेऊन.

२६ ऑगस्ट
वरच्या धरणातून पाणी सोडलं. इशारा क्रमांक ३०६. सतरा मागतच राहिली, पुढच्या वस्त्या खोळंबल्या. मीच तिला यादीतून काढलं. सगळीकडे शांत झालं. मी चहा प्यायले.

२८ ऑगस्ट
तिला परत घालायचं राहून गेलं.
रुखमाबाई सापडल्या. नात कडेवरच होती.

२ सप्टेंबर
चिखलातून काढलेली पेटी टेबलावर आणून ठेवलीय. बॅटरी नाही, तारा तुटलेल्या. तरी माझ्या पडद्यावर ओळ येते: सतरा, ३०६ मिळाला नाही, परत पाठवा. अनीसभाईंनी ती वाचली. तेव्हापासून ते आत येत नाहीत.

५ सप्टेंबर
पाठवला. तिने परत मागितला. दिवसभर हेच. दर वेळी मी आधी माफी मागते, मग पाठवते.

९ सप्टेंबर
आता ३०७ मागतेय. पण ३०७ मी अजून — तसा इशाराच नाही.

११ सप्टेंबर, दुपार
मागत नाही. बोलतेय. तुटक्या भोंग्यातून रुखमाबाईंचाच आवाज — ‘ताई, पानी यी ऱ्हायनं. पय.’
पायरीवर नदी. धरणावरून काही निरोप नाही. तरी ३०७ पाठवला.
सगळ्या पेट्या गप्प.
नाही. गप्प म्हणजे मिळालं, असं आता मी —
एकेका वस्तीला फोन लावतेय. माणसाचा होकार ऐकला की इथेच, वहीत खूण. सतरा नंबर सोडून एक्केचाळीस; तीस झाल्या. पाय भिजले. ती ओरडतेय, पय, ताई, पय — रिंग वाजतेय — अजून अकरा —