पोटुशीच्या नवऱ्याचं अस्वल

पॉइंट कुक, मेलबर्न
२७ एप्रिल २०२५

ती. मधूदादास,

सुलूचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. वि. वि. तुझे कान बंदुकीने खाल्ले म्हणून माझ्यासारख्या चौथी पास बाईला कागद काळे करावे लागतात. फोनवर तू सगळ्यालाच बरं बरं म्हणतोस. मागे मी पाय मुरगळला सांगितलं, तर बरं झालं म्हणालास.

मुद्द्यावर येते. लीनाला दिवस गेलेत, दीडेक महिना झाला. आधी दोनदा राहून गेलं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या खेपेला यतिनने ऑफिसभर पेढे वाटले आणि आठवड्यात सगळं आटोपलं. म्हणून ह्या वेळी मी सुनेला बजावलं, तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती म्हणाली, आई, हे टू मच आहे. पण मनातून तीही घाबरलेली, ऐकलं तिने.

आता घोळ ऐक. यतिन अस्वल मारायला चाललाय. थट्टा नाही. ऑफिसातला एक मेट, म्हणजे दोस्त, कॅनडाचा आहे, तो नेतोय. तिथे आता म्हणे वसंत, अस्वलं झोपून उठतात. इथे दारात पानं गळतायत आणि मी स्वेटरवर स्वेटर घालून बसलेय. एकाच महिन्यात दोन ऋतू कसे, ते विचारलं की मुलगा मला संत्रं फिरवून दाखवतो. अस्वलाला बोलवायला झाडाला पिंप टांगून त्यात ओट आणि शिळे डोनट घालतात आणि वर माचाणीवर बसतात. दोन वर्षं तो इथल्या डोंगरात हरणामागे जातो आणि हात हलवत येतो. लीना म्हणते, नुसतं चालायलाच जायचं तर शेजारच्यांचा कुत्रा तरी घेऊन जा. हे खूळ तुझंच. मे महिन्याच्या सुट्टीत माचाणीच्या गोष्टी सांगायचास आणि न्यायचा मात्र नाहीस.

पोटुशीच्या नवऱ्याने जीव मारू नये, हे आईने आपल्याला शिकवलं. कुशल वहिनीच्या पोटात होता तेव्हा तू बंदूक माळ्यावर टाकली होतीस. आता याला थांबवायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की तीन महिन्यांचं मोडलं. ज्याला माहीतच नाही त्याला दोष लागतो का, एवढंच सांग. ८ तारखेला त्याचं विमान आहे. तुझं उत्तर त्याआधी येत नाही हे मला कळतं, तरी लवकर लिही.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तर टपालखर्च वाढेल.

तुझी,
सुलू

---

मु. पो. वाफोली, ता. सावंतवाडी
९ मे २०२५

चि. सुलूस,

मधूदादाचे पोटभर आशीर्वाद. पत्र काल पोचलं. म्हणजे भाचा आज अस्वलांच्या मुलखात पोचला असेल. तुझ्या प्रश्नाने माझी झोप घालवलीस.

करुणा म्हणते, नवऱ्यापासून लपवायचं हे कुठल्या शास्त्रात आहे ते तुमच्या बहिणीला विचारा. मी विचारत नाही, तू मला ओरडशील. कुशलच्या वेळी बंदूक माळ्यावर टाकली ती आईच्या धाकाने. डुक्कर रोज भातात लोळायचं आणि मी बांधावर बसून त्याला शिव्या घालायचो. पण मला ठाऊक होतं. ठाऊक नसलेल्या माणसाचं काय, ते कोणी सांगितलंच नाही. शेवटी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कळ्या लावल्या. उजवी पडून देवाचा होकार नाही, डावी पडून नकारही नाही. तासभर बसलो. गुरव म्हणाला, देवाला प्रश्न कळला नाही, ऑस्ट्रेलियातून नीट लिहून मागवा.

डोनट म्हणजे काय ते कुशलने सांगितलं. गोड वडा घालून जनावराला बोलवायचं याला शिकार म्हणत नाहीत, पाहुणचार म्हणतात. हे त्याला माझ्या नावाने सांग.

एक मात्र विसरू नको. अस्वल मिळालंच, तर पहिल्या शिकारीचा नारळ शिकाऱ्याने गावदेवाच्या नावाने फोडायचा असतो. तो राहिला तर पुढे घरात काहीबाही होतं. आपल्या बाबांचा राहिला होता, आणि आईचं पुढचं बाळ पाळण्यातच गेलं, आठवतंय ना?

लीनाला जपा. तूही जप आणि जीभ आवर.

मधू

---

पॉइंट कुक
२१ मे २०२५

ती. दादास,

सुलूचा नमस्कार, रागाने आहे तरी घे. तुझं पत्र काल आलं आणि यतिन परवाच परत आला. त्याला अस्वल मिळालं.

तिथूनच त्याने व्हिडिओवर दाखवलं. थंडीने कान लाल, शेजारी काळाभोर ढीग. पहिला शब्द काय, तर मामाला कळव. लीना उठून बाथरूममध्ये गेली आणि भडाभडा ओकली. तिचं ते रोजचंच आहे. यतिनला आम्ही सांगतो, पित्त आहे. तो तिला लिंबूपाणी करून देतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मटण आणू देत नाहीत म्हणून तिथल्याच लोकांना वाटलं. कातडं वर्षाने येईल. म्हणजे घरात वाटा नाही, रक्त नाही, काही नाही, आणि तरी शिकार झाली. याला झाली म्हणायचं की नाही?

पण मला भलतंच लागून राहिलंय. तो मारलेल्या अस्वलाबद्दल फार बोलत नाही. आधी एक आलं होतं, त्याचंच बोलतो. पिंपाशी आलं, याने नेम धरला, मेटने हात दाबून थांबवलं. वसंतात मागे पिल्लू असतं, आधी झाडी बघायची, असा तिथला कायदा. बराच वेळ काही नाही. मग झाडीतून मांजराएवढं काहीतरी धडपडत बाहेर आलं. याने बंदूक खाली घेतली. मग दोन दिवसांनी एकटा नर आला, तो मारला. हे सांगताना लीना समोर बसली होती, हात पोटावर. मी तिला डोळ्यांनी हात काढ म्हटलं. तिने काढला नाही.

आता तुझा नारळ. अरे, पोटुशीच्या नवऱ्याने नारळही फोडायचा नसतो. आईनेच सांगितलेलं, एका दमात, जीव मारू नये आणि नारळ फोडू नये. तुला अर्धंच बरं आठवलं. फोडला तर एक चुकतं, नाही फोडला तर दुसरं. आणि बाबांची आठवण मला का करून दिलीस? ते मी विसरले होते. झोप गेली ती गेलीच.

लगेच कळव. कुशलच्या मोबाईलवरून पाठव म्हणणार होते, पण तो गावभर करेल.

वहिनीला नमस्कार. राग मनात धरू नको, माझा मीच धरून बसलेय.

सुलू

---

वाफोली
२ जून २०२५

चि. सुलूस,

आशीर्वाद. नारळाचं खरंच विसरलो. करुणेने दोन दिवस जेवण आदळून वाढलं. गुरवाकडे पुन्हा गेलो तर तो लांबूनच हात जोडतो.

करुणा म्हणते, घरातल्या दुसऱ्या पुरुषाने फोडावा. तुमच्या घरात दुसरा पुरुष नाही. यतिनचा बाप, आपला भास्कर, हयात असता तर प्रश्न नव्हता. तेव्हा मला माहीत नाही, सुलू. साठ वर्षांत पहिल्यांदा लिहून देतो.

भाच्याला सांग, सोडलेलं जनावर मामाने ऐकलं. मारलेलं नंतर कधीतरी ऐकेन.

सगळं सुखरूप होवो. इथे देवापुढे सगळं तुझ्याच नावाने चाललंय असं समज.

मधू

---

पॉइंट कुक
१३ जून २०२५

ती. मधूदादास,

नमस्कार. आधी बसून घे, मग वाच.

गेल्या आठवड्यात लीनाला डाग लागला. यतिनला अजून सांगितलंच नव्हतं, थोडेच दिवस राहिले होते. त्यानेच तिला तशीच गाडीत घातली, हॉस्पिटलात नेली. तिथे नर्सने त्यालाच विचारलं, कितवा आठवडा. तो म्हणाला, कशाचा.

दादा, ओरडला असता तर बरं झालं असतं. लीनाला तिथल्या तिथे जवळ घेतलं त्याने. मला घरी आल्यावर विचारलं, मी जायच्या आधी तुला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. तर एवढंच म्हणाला, "आई, मला सांगितलं असतंस तर मी गेलो नसतो." दोष लागतो म्हणून का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोष कसला, इथे राहिलो असतो.  

डॉक्टर म्हणाले, ठोके लागतायत पण आठवड्याने परत बघू. तो आठवडा कसा काढला ते लिहीत नाही. यतिनला बाबांची गोष्ट मीच सांगून बसले. मग तो नारळावरून हटेना. मीच फोडतो म्हणाला. मी म्हटलं, हात लावलास तर बघ.

काल सकाळी तुझं पत्र आलं, आणि दुपारी स्कॅन होता. दुसरा पुरुष नाही, तुला माहीत नाही, देवाला कळत नाही. मग कोणी फोडायचा? ती दोघं कपडे करत होती. इंडियन दुकानातला नारळ घेतला आणि बाहेर गाडीच्या वाटेवर गेले. बाई, त्यात विधवा, आजवर नारळ कधी हातात धरला तो सोलायला. गावदेवाचं नाव घेतलं, यतिनचं घेतलं, त्या अस्वलाचंही घेतलं आणि आपटला.

नासका निघाला, दादा. आत काळाकिट्ट.

मागून यतिन दारात आला आणि कसा निघाला विचारलं. मी पदराआड धरून म्हटलं, चांगला निघाला. त्याचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा मोकळा झाला. आत जाऊन फ्रीझरमधलं किसलेलं खोबरं साखर घालून दोघांच्या हातावर ठेवलं. प्रसाद थंड का, असं लीनाने विचारलं. म्हटलं, इथली थंडीच तशी.

स्कॅन चांगला आहे. बाळ हात हलवतं, यतिनने चारदा दाखवलं, मला एकदाही दिसला नाही. आता तीन महिने भरलेत, तेव्हा तो सगळ्यांना फोन करून सांगतोय की आईने नारळ फोडला आणि तो चांगला निघाला.

आता खरा लागू पडला तो नासका की फ्रीझरमधला, हे तूही विचारू नको आणि गुरवाला तर मुळीच नको. नारळ हिरव्या झाकणाच्या डब्यात खाली घातलाय, वर पानं टाकलीत. कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. तोवर त्या डब्याकडे मी कोणाला जाऊ देत नाही.

माया असू दे, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल.

तुझी,
सुलू