प्रार्थनेखाली सिनेमाची नावं

१४ मार्च २००६, संध्याकाळ

चीड जात नाही, म्हणून लिहितेय. उद्या सकाळी रेमीच्या हृदयाचं ऑपरेशन. वसईकरांच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर मी लिहिलं, "धाकटी बहीण हॉस्पिटलात आहे. मोठी देवाशी भांडतेय. आज सगळ्यांनी एक जपमाळ म्हणा."

पण मंगळवारी तिथे सिनेमा ओळखायचा खेळ असतो, म्हणे! एकाने गोष्ट टाकायची, बाकीच्यांनी नाव सांगायचं. तासाभरात माझ्या प्रार्थनेखाली सिनेमांच्या नावांची रांग. सांडोर गावचा मेल्विन, जो हा खेळ चालवतो, तो विचारतो, "आंटी, हिंट द्या ना. हिरो कोण?"

हिरो! आणि हाच रविवारी चर्चमध्ये मिस्साला बायबल वाचतो. आमच्या कॉन्व्हेंटात प्रार्थनेत कुजबुजलं तरी सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. ह्यांना कोण मारणार?

मी लिहिलं, "हा सिनेमा नाही. ती माझी सख्खी बहीण आहे."

"सॉरी आंटी, प्रेयर करतो. मग आजचा पॉइंट कोणालाच नाही."

पॉइंट! हिरो कोण, म्हणे!

त्याच रागात रेमीला फोनवर सगळं सांगून बसले. काय गरज होती? ती आधी खूप हसली. मग तिने विचारलं,

"बाय, त्यांनी पहिलं ज्या सिनेमाचं नाव घेतलं ना, त्यातली धाकटी शेवटी वाचते का गं?"

"वाचते. ठणठणीत होऊन घरी येते."

तो सिनेमा मी पाहिलेला नाही.