युनूसची खोटी सुटका आणि माझे घर

मी, पुंजाराम सोनाजी ढोरे, वय एकाहत्तर, निवृत्त हवालदार, मूळ हिवरखेडचा, हल्ली राहणार अकोला, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबावाखाली लिहायचे ते अठरा वर्षांपूर्वीच लिहून झाले.

१. हिवरखेडचे तीन एकर मुलगी साधना हिला. माझी बायको जमुना अंथरुणावर होती तेव्हा साधनाने केले. मुलगा पियुष फोन करायचा.

२. आमच्या पथकाचे प्रमुख उत्तमराव काळमेघ साहेब यांच्या सहीचे प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. ते काढून त्यांना परत पाठवावे. माझ्या मयतीला त्यांना फाटकाच्या आत घेऊ नये.

३. आता युनूस खान. बाळापूरचा कूलर मेकॅनिक. दर मार्चमध्ये आमचे कूलर तोच लावून द्यायचा. आखातात तीन वर्षे काम करून आला, तिथल्या कोणाशी तरी त्याचे नाव जोडले गेले, आणि मे २००७ मध्ये आमच्या पथकाने त्याला अतिरेकी म्हणून उचलले. नऊ दिवस ठेवले. कोर्टात उभे केले नाही. दहाव्या दिवशी भर दुपारी, एका बंद पडलेल्या धावपट्टीवर, परदेशी माणसांच्या हवाली केले. न्यायाधीश नाही, हुकूम नाही. आरोपी दिला की सही घ्यायची, एवढे मला नोकरीने शिकवले होते, म्हणून मी ताबा पावती पुढे केली. काळमेघ साहेब हसले. "पुंजाराम, कोंडवाड्यातली बकरी सोडून राहिला का तू? ठेव खिशात."

विमानात चढवताना युनूस मला म्हणाला, "हवालदारसाब, घर पे इतना बोल दो, मैं भागा नहीं, मेरे को लेके गए."

मी बोललो नाही. उलट साहेबांच्या सांगण्यावरून ठाण्याच्या डायरीत लिहिले की, चौकशीअंती सोडले, स्वखुशीने निघून गेला. ही नोंद खोटी आहे आणि ती माझी आहे. त्याची बायको रुकय्याबी कोर्टात गेली, तेव्हा याच नोंदीवर तिचा अर्ज फेटाळला. पाच वर्षे ती माझ्या दारात येत होती. मी तिला म्हणालो, "गेला असन कुठी. दुसरी बायको करून बसला असन." हे साहेबांनी शिकवलेले नव्हते. हे मी माझ्या मनाने जोडले. तिची माफी मागत नाही, कारण ती देण्याचा त्रास तिला का?

जिवंतपणी का बोलला नाहीस, असे कोणी विचारील. भ्यालो, दुसरे काय!

४. अकोल्याचे राहते घर. हे सगळे पियुषला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुमी तं जासान मरून. नोकरी माही जाईन." त्याला घर पाहिजे, कागद नको. म्हणून अट घालतो. मी मेल्यापासून नव्वद दिवसांत पियुषने हे मृत्युपत्र, कलम तीनसकट, न्यायालयात दाखल केले तर घर त्याचे. नाही केले तर घर रुकय्याबीचे.

सही होताच या कागदाची नोंदणी करून ठेवतो आहे. एक प्रत साधनाने बाळापूरला नेऊन रुकय्याबीच्या हातात द्यावी, तीही मला जाळण्याआधी. प्रेताला कसली घाई नसते.

पियुष, घर हवे असेल तर तुला हे पान न्यायाधीशापुढे ठेवावे लागेल. नको असेल तर घरावर हक्क सांगायला रुकय्याबी ते ठेवील. तू हुशार आहेस, तिसरा रस्ता शोधशील. मी पोलिसात होतो, सगळे रस्ते आधीच बंद करून ठेवले आहेत.

ठिकाण : अकोला
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : पुंजाराम सोनाजी ढोरे

आम्हां दोघांसमोर त्यांनी हे मोठ्याने वाचले, कलम तीन दोनदा वाचले, आणि सही केली.

साक्षीदार :
१. जीवन बुधाजी तायडे, अकोला
२. शकुन ललित इंगळे, भातकुली