सहा अंश खाली

१ जून, सकाळी ९
निवड झाली. मंगळावर पोचायला सात-आठ महिने लागतात. इतके दिवस वजनाशिवाय तरंगून शरीराचं काय होतं, ते शोधायला माणसांना साठ दिवस झोपवून ठेवणार. पलंग डोक्याकडून सहा अंश खाली. उठायचं नाही, बसायचं नाही, उशी नाही. हे काम माझ्यासाठीच निघालं असावं. बायको म्हणाली, अहो, घरी वीस वर्षं सरावच तर चाललाय. पैज लागली. साठ दिवस काढले तर ती मला जन्मात आळशी म्हणणार नाही. नाही काढले तर पोटमाळा मी आवरायचा. माळा मी लग्नापासून शिताफीने टाळत आलो आहे.

३ जून
रक्त डोक्यात उतरतं. नाक चोंदतं. जेवण आडवं, आंघोळ आडवी. बाकीचंही आडवं, त्याबद्दल लिहिणार नाही. शेजारच्या पलंगावरचे निवृत्त पीटी मास्तर कुरकुरत नाहीत. कल्पनाशक्ती नसावी.

४ जून, दुपार
मानेखाली एक टॉवेल. टॉवेल म्हणजे उशी नव्हे. नियमांत टॉवेलचा उल्लेख नाही.

९ जून
चार टॉवेल. वॉर्डातले टॉवेल कमी भरतात म्हणून सिस्टर सफाईच्या मावशींना बोलली. लोकांना शिस्त म्हणून नाही.

१४ जून
डॉक्टरबाईंनी माझे रिपोर्ट दोनदा पाहिले. सगळ्यांचे चेहरे सुजले, माझा नाही. म्हणाल्या, काका, तुमचं शरीर काही वेगळंच दिसतंय. मला हे लहानपणापासून जाणवत होतं. टॉवेलचा यात काही संबंध नसावा. बायकोला फोन केला. ती म्हणाली, वेगळं आहेच, पण ते शोधायला डॉक्टर लागतील असं वाटलं नव्हतं.

१८ जून
उद्या बाहेरचे तज्ज्ञ मला पाहायला येणार. माझ्यावर स्वतंत्र संशोधनाचा पेपर होणार. पेपरात नाव येत नाही, फक्त नंबर येतो, असं कळलं. बोलून पाहीन. मंगळाचा गंभीरपणे विचार सुरू केला. बायकोला नेता येणार नाही. हळूहळू सांगावं लागेल.

१९ जून, सकाळी ११
पाच तज्ज्ञ. एकाने विचारलं, तुम्ही नेमकं करता तरी काय? मी म्हणालो, मनाचा निग्रह. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून सिस्टरने माझी चादर सारखी केली. एक टॉवेल निघाला. मग दुसरा. मावशी दारात उभ्या राहून मोठ्याने मोजत होत्या. सहा. मास्तर आडव्यानेच हसले. डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, उठून बसा, काका.
बसलो. चक्कर आली. म्हणजे परिणाम झाला होता! हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

२० जून
घरी. शिडी आधीच लावलेली. बायको मेहुण्याला फोनवर सांगत होती, अरे, त्यांना लोळणंसुद्धा जमलं नाही.
माळा बुटका आहे. डोकं खाली घालूनच आवरावं लागतं. कोन सहा अंशांहून बराच जास्त.
खाली हाक मारून फडका मागितला. तिने टॉवेल दिला. नीट घडी घालून.