खालच्या कडेला वाळू नाही

बुध., १० सप्टें.
रविवारी इथे लिहिलं ते चूक. दादाची बोट हरवली ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं मोठं आखात. तिथला प्रवाह किनाऱ्याकडे नेतो असं लिहिलं. नेत नाही. किनाऱ्याच्या कडेकडेने पूर्वेला जातो. आणि किनारा म्हणजे मैलोन् मैल उभा कडा. बोट लागली तरी उतरायला जागा नाही.
आईला मात्र सांगून बसले, वाळूला लागेल. ती तेच धरून आहे.

गुरु., ११
तिकडून फोन. सर्च थांबवला. बाई दोनदा सॉरी म्हणाल्या. बाबांनी थँक यू म्हटलं, फोन ठेवला, भांडी घासली. आई म्हणाली, "थांबवू देत. वाळूला लागलेला माणूस चालत येतो."

शनि., १३
शाळेआधी आम्हा दोघांना बाबांनीच शिकवलं, याच ओट्यापाशी. माझी पहिली पोळी वाकडी झाली तर दादा ओरडला, "बाबा, ऑस्ट्रेलिया!" बाबांनी लगेच भूगोल घेतला. हे वरचं टोक, ही पूर्वेची प्रवाळं, हे खालचं आखात. दादा पोळी नेहमी आखातापासून तोडायचा.
आज पोळ्या केल्या. सगळ्या गोल.

सोम., १५
बाबा इथल्या हर्नडन गावातल्या देवळाच्या गुरुजींशी बोलले. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सर्वपित्रीला करू म्हणाले. आई ऐकत होती.
"पुतळा जाळलात, तर तो आल्यावर त्याला काय सांगू?"
बाबा उठून गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसले. इंजिन बंद होतं. मी बघून आले.

बुध., १७
आईने दादाच्या खोलीत हीटर लावलाय. जाड मोजे काढून ठेवलेत. तिकडे अजून थंडी आहे म्हणाली. खरं सांगितलं तर तिचं उरलंसुरलं मीच... आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर त्या वाळूकडे

गुरु., १८
बाबांनी विचारलं, अग्नी तू देशील का. "मला नाही जमायचं गं."
हो म्हटलं. पण आईला खरं माहीत नसताना काडी लावणार नाही.
सर्वपित्रीला गुरुजींकडे दुपारी जायचंय. त्याआधी, सकाळी. पोळी मुद्दाम वाकडी लाटायची, तिच्या ताटात वाढायची, खालच्या कडेवर बोट ठेवायचं. आई, इथे वाळू नाही.
रविवार, २१ सप्टेंबर.