गुरुवारच्या सभेत वाचून दाखवायचे कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिवणकाम करून पोट भरणारी, पोस्टमनची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धमकावले, कोणी गोड बोलून लिहून घेतले, असे काही नाही. गोड बोलून माझ्याकडून काही करून घेणारा माणूस पाच वर्षांपूर्वी गेला. माझे डोके ठिकाणावर आहे. सहा वर्षे दारूचा थेंब घेतलेला नाही, आज सकाळीही नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढचे दुकान, माझ्या एकुलत्या एका मुलास. अट एकच, ती कलम चारमध्ये आहे. कुरकुर करू नये.

कलम २. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या व इस्त्री सोमवारच्या सभेला येणाऱ्या नर्सबाईस. तिला दारू सोडून जेमतेम आठ आठवडे झालेत. शिवण येत नाही, शिकेल. संध्याकाळ फार वाईट असते, हाताला काम हवे. पुन्हा प्यायली तरी मशीन काढून घेऊ नये. खालच्या खणात मी बाटली ठेवत असे. खण घासून ठेवला आहे. तिने त्यात दोरेच ठेवावेत.

कलम ३. जाऊबाईंना काहीही नाही. "तुझा बाप पितो," हे माझ्या मुलाला फोन करून त्यांनीच सांगितले. त्यांचा तसा समज होण्याला कारण मीच, ते खाली येईलच. पण इतके चवीने सांगायची गरज नव्हती.

कलम ४. हे कलम मुलाने गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, सभेच्या इमारतीत उजव्या हाताच्या खोलीत उभे राहून मोठ्याने वाचावे. एक शब्द गाळू नये.

माझ्या नवऱ्याने जन्मात दारू प्यायली नाही. खोकल्याचे औषधसुद्धा ते आधी वास घेऊन बघायचे. पिणारी मी. शाळेच्या गणवेशांचे काम अंगावर पडले तेव्हा पाठदुखीवर म्हणून सुरू केली, मग गणवेश संपले तरी चालूच. चहाच्या कपातून प्यायचे, गिऱ्हाइकांना पत्ता लागायचा नाही. यांना लागला. भांडले नाहीत. एक दिवस मशीनच्या सुईखाली चिठ्ठी दिसली: सभेचा पत्ता, वार, वेळ, यांच्या अक्षरात. पोस्टमनने लिहिलेला पत्ता, चुकेल कसा! पण आत बोळात दारे दोन आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. डावीकडे पिणाऱ्यांची सभा, सोमवारी आणि गुरुवारी; उजवीकडे पिणाऱ्यांच्या घरच्यांची, फक्त गुरुवारी. मी घुटमळत उभी होते, तेवढ्यात एका बेकरीवाल्या बाईने माझा हात धरला.

"या ताई, लाजू नका. आपल्या बायका इकडे बसतात. नवरा का?"

मी मान हलवली. मेली ती मान! पुढचे चार महिने दर गुरुवारी मी तिथे बसून त्या बापड्याचे प्रताप सांगितले. बाटल्या कुठे लपवतात, खोटे कसे बोलतात, सकाळी हात कसे थरथरतात. सगळे खरे होते, फक्त माणूस दुसरा होता. बायका माझ्याबरोबर रडायच्या. घरी येऊन मी पुन्हा कप भरायचे.

एका गुरुवारी हे सायकल घेऊन मला न्यायला आले. बेकरीवाली तडक यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि वीस बायकांदेखत म्हणाली, "भाऊ, काही वाटू द्या मनाला. सोन्यासारखी बायको आहे. तिच्यासाठी तरी सोडा."

यांनी माझ्याकडे पाहिले, आणि सगळे समजले. टोपी काढून हात जोडले. "चुकलं माझं, ताई. प्रयत्न करतो."

वाटेत मी म्हटले, "अहो, ऐका ना, मी..."

"राहू दे. सोमवारी दुसऱ्या दाराने जा."

सोमवारी मी डाव्या दाराने आत गेले आणि म्हटले, "मी दारू पिते." पुढे कितीदा घसरले, कितीदा परत गेले, ते तिथल्यांना माहीत आहे. उजवीकडच्या बायकांना मात्र एवढेच कळवले, की नवऱ्याने सोडली. त्या भर रस्त्यात यांचे अभिनंदन करायच्या आणि हे "तुमची कृपा" म्हणून भाजीची थैली सावरत पुढे जायचे. बोलणे जाऊबाईंपर्यंत गेले, तिथून मुलापर्यंत. मुलगा शेवटची दोन वर्षे बापाशी बोलला नाही. मी म्हणायचे, "आता सांगूनच टाकते त्याला." हे म्हणायचे, "तू आधी वर्षभर टिक." वर्ष पुरे झाले आणि पुढच्याच महिन्यात हे गेले. त्यानंतर मी गप्प बसले, ती निव्वळ भीतीने. त्याची मला लाज वाटते.

बाळा, तुझा बाप निर्व्यसनी होता. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण हे चारचौघांत वाच.

कलम ५. मेल्यावर खरे बोलायला धाडस लागत नाही. म्हणून या कागदाची प्रत आज सकाळीच मुलास टपालाने पाठवली आहे, आणि दुसरी साक्षीदार म्हणून त्याच बेकरीवाल्या बाईस बोलावले आहे. तिने सही करण्याआधी सगळे वाचावे. मी समोर बसून आहे, उठणार नाही.

स्थळ : शिवणाचे दुकान, कापड बेतायचे टेबल
दिनांक : ९ मार्च २०२३, गुरुवार, दुपारी चार
मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिला : शेजारचा घड्याळजी. (सही) न वाचता केली, दुकान उघडे टाकून आला होता.

साक्षीदार दुसरी : बेकरीवाली. (सही) सगळे वाचले. दोनदा वाचले. वीस जणींसमोर त्या माणसाला बोलले मी, तर माफीही वीस जणींसमोर मीच मागणार. मुलाची वाट कशाला बघायची? आज गुरुवारच आहे. ताई, चप्पल घाला.